शक्लन कबूल

रविवार, १४ सप्टेंबर २०१४

बऱ्याच दिवसांनी आज डोकं लावावं लागेल असं काम आलं. एरवी माझ्या टेबलावर जन्माचे दाखले, डिग्र्या, ड्रायव्हिंग लायसन्स. इंग्रजीचं अरबी करायचं, खाली सही, वर शिक्का, पुढचा या. बावीस वर्षं मस्कतच्या हमरियात हेच चाललंय. हात इतका बसलाय की डोळे इंग्रजी वाचतात आणि बोटं अरबी टाइप करतात, मधे मी हजर असतोच असं नाही.

दुपारच्या नमाजनंतर एक बाई आल्या. वसुंधरा शेटे, मूळ इस्लामपूरच्या, रुवीत एका क्लिनिकच्या लॅबमध्ये नोकरीला. बरोबर नऊ वर्षांची मुलगी, उर्वी. मराठी ऐकून बाईंचा चेहरा सैल झाला. मी ताई म्हणालो, त्यांनी लगेच इरफानभाई केलं. माझं म्हसळा आणि त्यांचं इस्लामपूर यांच्यात किती डोंगर आहेत ते मस्कतला आल्यावर कुणी मोजत नाही.

यजमान स्वरूप दुक्मला प्रोजेक्टवर होते. एप्रिलमध्ये एका पहाटे कॅम्पात उठलेच नाहीत. चाळीस पुरे नव्हते. आता थोरले दीर ओमप्रकाश, जे सोहारला इंजिनियर आहेत, त्यांनी इथल्या कोर्टात अर्ज लावलाय. उर्वीच्या आजोबांचं मुखत्यारपत्र त्यांच्याकडे आहे. बाप गेल्यावर मुलीचे वली, म्हणजे तिचं सगळं ठरवणारे, आजोबा, असं कोर्टाने जाहीर करावं अशी मागणी. तसं झालं की मार्चची परीक्षा संपल्यावर मुलीला कायमची इस्लामपूरला नेणार. पैशाअडक्याचा वाद नाही. आजीने मुलगा गेल्यापासून अंथरूण धरलंय आणि तिला नात हवी आहे. वसुंधराताईंची नोकरी इथे, त्यांना मुलगी सोडवत नाही.

कोर्टाने सांगितलंय, तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो तो अरबीत आणून द्या. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, सन १९५६. हिंदूंचा कायदा, मुसलमानाच्या हातून, अरबीत. बायकोला, जमिलाला, फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली.

मुलगी मराठी अडखळत बोलते. तिचं नाव अरबीत लिहून दाखवलं. टायपिंगवाले 'व्ही'च्या जागी 'फे' घालतात म्हणून वाचताना ऊर्फी झालं. ती खूप हसली आणि म्हणाली, "अंकल, कोर्टात मी पण येणार?" आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं. तिथे लहान मुलांचं काय काम?

मंगळवार, १६ सप्टेंबर

पालकत्वाचा कायदा संपला. सगळा मिळून सात पानं, पण सगळा जीव सहाव्या कलमात आहे. हिंदू मुलीचा नैसर्गिक पालक कोण? बाप, आणि त्याच्यानंतर आई. एवढंच.

मराठीत पालक म्हटलं की विषय संपतो. शाळेतल्या सभेला येतो तो पालक, प्रगतिपुस्तकावर सही करतो तोही पालक. अरबी या बाबतीत फार काटेकोर. ज्याच्या सहीने मुलाचं सगळं ठरतं, शाळा, प्रवास, पासपोर्ट, लग्न, तो वली. जी मुलाला खाऊ घालते, झोपवते, वाढवते ती हादिना. दोन्हींत घोळ केला तर वकील मानगुटीला बसतात. मी बापासाठी वली लिहिलं आणि आईसाठी हादिना. वाक्य छान वाहिलं. एकदा मोठ्याने वाचलं, कानाला गोड लागलं.

अर्बाब मजीदना वाचून दाखवलं. ऑफिस त्यांचं, लायसन्स त्यांचं, शिक्का त्यांचा. ते म्हणाले, मुमताज, म्हणजे उत्तम. चहा मागवला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

वसुंधराताईंच्या वकीलबाईंकडे कागद पोचवले. खतिजा त्यांचं नाव, निझवाकडच्या. वय पस्तीसच्या आत, आवाज कधी चढत नाही. ताईंना अरबी येत नाही, वकीलबाईंचं इंग्रजी त्यांना झेपत नाही, म्हणून मला दीड तास मधे बसवलं.

ताई विचारत होत्या, कोर्ट ओमानचं, मग कायदा आपला कसा? खतिजांनी फार नीट सांगितलं. कोर्टात प्रत्येक गोष्टीचे दोन भाग. एक शक्ल, म्हणजे रीत. अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत, कोणत्या भाषेत, कुणाच्या शिक्क्याने. दुसरा मौजू, म्हणजे मूळ प्रश्न, हक्क कुणाचा. रीत नेहमी ज्या देशाचं कोर्ट त्या देशाची. पण परदेशी माणसाच्या घरातला प्रश्न असेल तर हक्क त्याच्या देशाच्या कायद्याने ठरतो. म्हणजे दारात चपला आमच्या पद्धतीने काढायच्या, आत गेल्यावर बोलणं तुमच्या घरचं.

ताईंनी वहीत लिहून घेतलं, रीत ओमानची, हक्क आपला. मग म्हणाल्या, आपला कायदा तर म्हणतो बापानंतर आई. मग काळजी कशाला? मीही म्हणालो, काळजी नको. खतिजा नुसत्या हसल्या. त्यांच्याकडे अजून वीस फाइली होत्या, माझा अनुवाद त्यांनी चाळून बाजूला ठेवला. मला आपलं बरं वाटलं, विश्वास आहे म्हणून.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

ईद झाली. घरी फोन केला आणि डोकं फिरलं.

मुनिबाच्या कॉलेजची सहल डिसेंबरात हैदराबादला जाणार आहे. पोरगी अकरावीत. संमतीपत्रावर पालकाची सही लागते, ती जमिलाने करून टाकली. मला विचारलं नाही. सहलीला माझी ना नाही, पण सही? मी म्हटलं, मला फोटो पाठवायचास, मी इथून सही करून पाठवली असती. जमिला म्हणाली, शेवटची तारीख होती. मग म्हणाली, "सतरा वर्षं ताप आला की कोण बसलं उशाशी? त्या कागदावर पालक म्हणून माझी सही चालली, कॉलेजने एका शब्दाने विचारलं नाही. तुम्हीच विचारताय."

मी म्हटलं, ताप वेगळा, सही वेगळी. तिने फोन मुनिबाकडे दिला. मुनिबाने सलाम केला आणि फोन परत आईकडे दिला. मी कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र लिहायचं ठरवलं होतं, मग राहू दिलं. मला बाहेर राहून घर चालवायचं असतं हे या बायकांना समजत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

निकाल लागला. आजोबा वली, आई हादिना. मुलगी आईने सांभाळायची, पण तिने कुठे राहायचं, कुठे शिकायचं हे वली ठरवणार. म्हणजे इस्लामपूर.

वसुंधराताई कोर्टाबाहेर बाकावर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. मला एवढंच विचारलं, "आपल्या कायद्यात तर बापानंतर आई आहे ना, इरफानभाई? तुम्हीच वाचून दाखवलं होतंत." मी म्हणालो, कोर्टाने वेगळा अर्थ लावला असेल. खतिजांनी निकालाची प्रत माझ्याकडे दिली, ताईंना उद्या मराठीत समजावून सांगा म्हणाल्या. अपिलाला तीस दिवस आहेत. एकतिसाव्या दिवशी गेलात तरी दार बंद, मग मौजू कितीही खरा असो. हे शक्लचं बंधन आहे.

ओमप्रकाशसुद्धा तिथे होते. सभ्य माणूस. भावजयीजवळ जाऊन म्हणाले, तू पण नोकरी सोडून ये, घर तुझंच आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

निकाल वाचला. चौथ्या पानावर कोर्ट म्हणतं, अर्जदाराच्या आणि मुलीच्या देशाच्या कायद्याच्या सहाव्या कलमाचा प्रमाणित अनुवाद आम्ही पाहिला. त्यात बापाला वली म्हटलं आहे आणि त्याच्यानंतर आईला हादिना. म्हणजे त्या कायद्यानेही आईकडे सांभाळणं येतं, वलीपण येत नाही. सबब वलीपण बापाच्या बापाकडे.

मी मूळ इंग्रजी काढलं. बाप आणि त्याच्यानंतर आई, दोघांसाठी शब्द एकच आहे, आणि तो वाक्याच्या सुरुवातीला एकदाच आलाय. कायद्याने दोन शब्द वापरलेच नाहीत. ते दोन मी केले.

कोर्टाने वेगळा अर्थ लावला नाही. माझाच लावला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ताईंना निकाल मराठीत सांगितला. चौथं पान भरभर वाचलं. कुणालाच काही बोललो नाही.

आज चौथा दिवस.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मनाशी हिशेब मांडून पाहतो. खतिजा अपील करणारच आहेत, त्या हुशार आहेत, दुसरा एखादा मुद्दा शोधतील. मी तोंड उघडलं तर अर्बाबच्या लायसन्सवर येईल, माझा व्हिसा जानेवारीत संपतो, आणि ज्याच्या अनुवादात चूक निघाली त्या माणसाला रुवीत दुसरं ऑफिस ठेवून घेत नाही. शिवाय हादिना हा काही वाईट शब्द नाही. आईचा मान आहे त्यात. असं सगळं स्वतःला सांगतो आणि चहा गार होतो.

ताई काल संध्याकाळी उर्वीला घेऊन गाडीतून जाताना दिसल्या. हात हलवला.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज ओमप्रकाश स्वतः ऑफिसात आले. त्यांना ठाऊकही नसावं की अनुवाद मी केला होता, नुसतं मराठी माणूस आहे असं कुणीतरी सांगितलं. उर्वीचा इथला रेसिडेन्स मार्चअखेर रद्द करायचा अर्ज अरबीत टाइप करून हवा होता. आत्तापासून तयार ठेवतो म्हणाले, ऐनवेळी धावपळ नको.

बसल्या बसल्या बोलले. स्वरूप त्यांच्याहून सहा वर्षांनी धाकटा. त्याला ओमानला त्यांनीच आणलं. आई फोनवर रोज एकच विचारते, पोरीला कधी आणतोस. "मी आईला अजून काय देऊ, सांगा," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला या माणसाचा राग येईना, तो येता तर सोपं झालं असतं.

अर्जाच्या खाली रकाना होता, मुलीच्या वलीची सही. त्यांनी पेन काढलं. मी म्हणालो, सिस्टीम बंद आहे, पुढच्या आठवड्यात या. सिस्टीम व्यवस्थित चालू होती, स्क्रीन त्यांच्याकडे पाठ करून होता.

ते गेल्यावर अर्बाबच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

अर्बाब मजीदनी काल माझा अनुवाद आणि मूळ इंग्रजी मागून घेतलं होतं. आज सकाळी बोलावलं. त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवून स्वतः वाचले होते. त्यांना इंग्रजी बेताचंच, तरी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. म्हणाले, शिक्का माझा आहे, लोक शिक्क्यावर विश्वास ठेवतात, तुझ्यावर नाही. खतिजाला फोन कर. जे झालं ते लिहून दे. निकाल लागेपर्यंत तू अनुवादावर सही करायची नाहीस, बाहेर काउंटरवर व्हिसाचे फॉर्म भर. आणि व्हिसाचं काय असं मी विचारण्याआधीच म्हणाले, तुझं नूतनीकरण मी करीन, ती गोष्ट वेगळी.

खतिजांना फोन केला. त्यांनी विचारलं, कधी कळलं? मी म्हटलं, तीन तारखेला. त्या म्हणाल्या, आज सतरा. बरं, अजून पंधरा दिवस आहेत, तेही गेले असते तर मला काही करता आलं नसतं. यापलीकडे रागावल्या नाहीत. मग हळू आवाजात म्हणाल्या, अनुवाद मीही चाळून बाजूला ठेवला होता.

ताईंना सांगायला क्लिनिकवर गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. हातातले हातमोजे काढले, डब्यात टाकले. म्हणाल्या, "चौदा दिवस मी रोज तिचे कपडे कपाटातून काढून परत लावत होते, इरफानभाई." माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अपील दाखल झालं. अठराव्या दिवशी. नवा अनुवाद दुसऱ्या ऑफिसकडून करून घेतला आणि माझं शपथपत्र जोडलं. त्यात चूक का झाली ते लिहायचं होतं. मी लिहिलं, नजरचूक. खतिजा वाचून म्हणाल्या, खरं आहे? मी म्हटलं, अजून काय असणार?

सोमवार, १५ डिसेंबर

काउंटरवर दिवसाला साठ फॉर्म. ओळखीचे लोक विचारतात, आत बसत नाही आजकाल? मी म्हणतो, पाठ दुखते.

मुनिबाने हैदराबादहून फोटो पाठवले. चारमिनारसमोर उभी आहे, वाऱ्याने ओढणी उडालीय, हसतेय. चांगला आलाय फोटो. जमिलाला कळवलं. ती म्हणाली, ठीक आहे. आमचं बोलणं अजून तसं जेवढ्यास तेवढंच आहे. कशावरून बिनसलं ते धड आठवतही नाही आता, पण तिने आपणहून बोलावं असं वाटतं.

बुधवार, १४ जानेवारी २०१५

अपील कोर्टात सुनावणी. तीन न्यायाधीश, मधले वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

ओमप्रकाशच्या वकिलांचा मुद्दा पक्का होता. म्हणाले, अनुवाद कोणी केला, त्यावर शिक्का आहे की नाही, त्यावर हरकत कधी घ्यायची, हा सगळा शक्लचा भाग. खालच्या कोर्टात या बाईंनी हरकत घेतली नाही. ती वेळ गेली. रीत ओमानची आहे, आणि ओमानच्या रीतीप्रमाणे ते दार बंद झालंय. मी मागे बसलो होतो आणि मनात म्हणालो, बरोबरच बोलतोय हा.

खतिजा उठल्या. म्हणाल्या, शिक्का फिका असता, सही राहिली असती, तारीख चुकली असती तर तो शक्लचा दोष, आणि मी गप्प बसले असते. पण या कागदातून कोर्टापर्यंत काय आलं? परक्या देशाचा कायदाच आला. तो चुकीचा आला तर खालच्या कोर्टाने हक्क ठरवला तो अस्तित्वातच नसलेल्या कायद्याने. अनुवाद बाहेरून रीत आहे, आतून मौजू आहे. तिने, म्हणजे माझ्या अशिलाने, वेळेत हरकत घेतली नाही म्हणून तिच्या देशाचा कायदा बदलत नाही.

मधल्या न्यायाधीशांनी मला बोलावलं. शपथ घेतली. त्यांच्यापुढे माझा जुना अनुवाद होता. त्यांनी विचारलं, "वली हा शब्द तुला येतो?"

येतो, म्हणालो.

"या सात पानांत तू तो अकरा वेळा लिहिलास. बापासाठी. मृत्युपत्राने नेमलेल्यासाठी. कोर्टाने नेमलेल्यासाठी. सगळीकडे बरोबर. फक्त जिथे आई आली तिथे बदललास. शपथपत्रात म्हणतोस नजरचूक. नजर तेवढ्या एकाच जागी चुकली?"

मी त्या अकरा जागा कधी मोजल्याच नव्हत्या. पाठीमागे ताई बसल्या होत्या, त्यांना यातलं काही कळत नव्हतं, आणि नेमकी तीच गोष्ट मला सर्वांत जास्त टोचली. मी म्हणालो, "नाही साहेब. नजर चुकली नाही. इंग्रजी नीट वाचलं होतं. पण आईसाठी तो शब्द माझ्या हातून लिहिलाच गेला नाही. माझ्या घरात कुणी आईला वली म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. समोर लिहिलं होतं ते सोडून मी मला ठाऊक होतं ते लिहिलं."

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्याही घरात नाही," म्हणाले. "पण हा कागद माझ्या घराचा नाही आणि तुझ्याही नाही. तो यांच्या घराचा आहे." आणि लिहायला लागले.

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, आत काय बोललात? मी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, या वेळी सावकाश सांगितलं. त्या म्हणाल्या, निदान खरं बोललात. मग उर्वीला शाळेतून आणायचं म्हणून घाईने गेल्या.

शुक्रवार, १६ जानेवारी

घरी फोन केला. जमिलाशी बराच वेळ बोललो, विषय काही खास नव्हता. विहिरीचा पंप, शेजारच्यांचं लग्न. कोर्टातलं सांगायला घेतलं आणि अर्ध्यातच राहिलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग? आईसाठी लिहिलात का शेवटी तो शब्द?" मी म्हटलं, दुसऱ्या ऑफिसने लिहिला. ती हसली. का हसली कळलं नाही, पण बरं वाटलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

निकाल.

सकाळपासून ताईंनी पर्सची चेन तीनदा उघडली आणि तीनदा लावली. ओमप्रकाश सोहारहून पहाटे निघून आले होते, शर्टाला इस्त्री होती पण चेहरा झोपेचा. दोघं एकाच बाकावर, मधे दोन माणसांची जागा सोडून. मी मागे. खतिजा पुढे उभ्या.

इथल्या अपील कोर्टाचा निकाल एका ठरलेल्या वाक्याने सुरू होतो. न्यायाधीश वाचायला लागले, कबूलुल इस्तिअनाफि शक्लन. ताई झटकन मागे वळल्या. "कबूल म्हणाले ना? कबूलच म्हणाले!" मराठी बोलणाऱ्या कुणालाही तो शब्द कळतो. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पुसायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हणालो, "ताई, थांबा. हे फक्त शक्लचं. अपील वेळेत आलं, नीट आलं, एवढंच. मौजू अजून यायचाय." अशा किती कागदांत मी पाहिलंय, पहिल्या ओळीत कबूल आणि दुसऱ्या ओळीत नामंजूर. कबूलवर पेढे वाटून बसलेली माणसंही पाहिलीत.

न्यायाधीशांनी पान उलटलं. ते नीट उलटेना, दोन पानं चिकटली होती, त्यांनी बोट ओलं केलं.

व फिल मौजूइ. मौजूबाबत. खालचा निकाल रद्द. परक्या देशाचा कायदा काय आहे हे शोधणं हा हक्काचा भाग आहे, रीतीचा नाही, म्हणून कोर्ट तो केव्हाही पुन्हा तपासू शकतं. त्या कायद्याप्रमाणे मुलगी उर्वी स्वरूप शेटे हिची, बापाच्या पश्चात, तिची आई वसुंधरा ही. आणि मग तो शब्द. वली, स्त्रीलिंगी करून. वलिय्या. न्यायाधीशांनी तो जरा सावकाश उच्चारला, नवी चप्पल घालून जपून चालावं तसा.

मी ताईंना सांगितलं, तुम्ही वली. उर्वीचं सगळं तुम्ही ठरवायचं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "पण ती तर मी होतेच की, इरफानभाई." मी हो म्हणालो.

बाहेर व्हरांड्यात ओमप्रकाश थांबले होते. मला वाटलं आता काहीतरी बोलाचाली होईल. ते नुसते उभे होते, हातातली फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेत. एवढे महिने त्यांच्या तोंडी एकच क्रियापद ऐकलं होतं मी, नेणार. आज ते भावजयीला म्हणाले, "मे महिन्याच्या सुट्टीत पाठवशील का तिला? आईसाठी. पंधरा दिवस."

मला वाटलं ताई आता हो म्हणतील, किंवा नाही म्हणतील. दोन्ही त्यांच्या हातात होतं, आत्ताच मिळालेलं, शिक्क्यासकट.

त्या म्हणाल्या, "तिला विचारते, भाऊजी. मग सांगते."

ओमप्रकाशनी मान हलवली. तिघं पार्किंगपर्यंत चालत गेलो. मला ताईंनी हमरियात सोडलं. गाडीतून उतरताना माझ्या ध्यानात आलं, सप्टेंबरपासून या प्रकरणातलं प्रत्येक पान माझ्या नजरेखालून गेलंय. अर्ज, उत्तरं, दोन निकाल, माझं शपथपत्र. प्रत्येक पानावर उर्वीचं नाव आहे. तिला काय हवंय हे एकाही पानावर नाही. ते कुणी विचारलंच नव्हतं, ना शक्लमध्ये, ना मौजूत.